बुर्गीच्या पित्तातल्या काळ्या रेघा

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या फळीवर भिंगाला बुरशी धरलेला पितळी नळा दिसतो ना, तोच मी, एक जुना वर्णपटदर्शक. म्युनिकच्या एका कारागिराने माझ्या पोटात काचेचे लोलक बसवले. रंगीत पाण्याची नळी दिव्यापुढे धरून माझ्यातून पाहिले की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग दिसतात, आणि पाण्याने गिळलेल्या रंगांच्या जागी काळ्या रेघा. मी रेघा दाखवतो. त्यांचा अर्थ माणसांनी लावायचा. मला तोंड नाही.

एका इस्पितळातल्या डॉक्टर राइंडल या तरुण साहाय्यकाने मला विकत घेतले. रक्ताचा तांबडा रंग शरीरात कुठे कुठे जातो, याचे त्याला भारी वेड. तो मला रुमालाने पुसायचा, कोटाच्या खिशात घेऊन फिरायचा. लाड कुणाला नको असतात? ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या हिवाळ्यात बुर्गी नावाची गवळ्याची तरुण मुलगी पोटदुखीने इस्पितळात आली. दुखण्यापायी तिचा डोळ्याला डोळा लागेना, म्हणून थोरले प्राध्यापक लोखनर यांनी तिला झोपेची नवी पूड सुरू केली. झोप लागली, पण पोट जास्तच दुखू लागले आणि लघवी लाल मद्यासारखी गडद झाली. राइंडलने ती माझ्यापुढे धरली. रक्ताच्या नव्हेत, वेगळ्याच रेघा उमटल्या. त्या द्रव्याला आता पॉर्फिरिन म्हणतात.

"सर, ही पूड थांबवू या," तो म्हणाला.

"पुडीचं काय घेऊन बसलात? तिची आई टोपलीतून काय आणते बघा. रक्ताचं सॉसेज. रक्त खाल्लं की रक्ताचाच रंग उतरणार."

ते डुक्कर कापायचे आणि त्याचे रक्त आतड्यात भरून सॉसेज करायचे दिवस होते. पहिले गरम सॉसेज घरातल्या आजाऱ्याचे, हा तिकडचा रिवाज. खरेखोटे करायला राइंडलने आठवडाभर नुसत्या रव्याच्या खिरीचे पथ्य मागितले. त्यानंतरही रेघा दिसल्या तर पूड बंद, असे प्राध्यापकांनी कबूल केले.

"खिरीवर माणूस उभं राहतं होय, डॉक्टर?" बुर्गीची आई क्रेसेन्त्स म्हणाली. "पण तुम्ही म्हणता तर नाही आणत."

आठवडा सरत आला असताना राइंडल बुर्गीच्या खाटेजवळच्या खुंटीला कोट टांगून हात धुवायला गेला. मी कोटाच्या खिशात होतो. क्रेसेन्त्सच्या एप्रनखाली पुडक्याचा कागद कुरकुरला. "खा गं राणी, घरचं आहे. यानंच अंगात रक्त भरेल."

मी सगळे ऐकले. पण ऐकून मी काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी उशीखाली सॉसेजची साल सापडली. "तुमच्या सॉसेजनं सगळा घोळ केला, बाई," प्राध्यापक कडाडले. पूड चालूच राहिली. बुर्गीचे पाय गेले, मग हात, मग आवाज. शेवटी तिला गिळताही येईना. पूड मात्र नळीतून दुधाबरोबर पोटात जात होती. रेघा अधिकच काळ्या झाल्या.

"जुनं सॉसेजच उतरतंय अजून," प्राध्यापक म्हणाले.

बुर्गी गेली. शवविच्छेदनानंतर राइंडलने तिचे रक्त माझ्यापुढे धरले. रक्ताच्या स्वतःच्या रेघांनी बाकीचे सारे झाकून टाकले होते. मग त्याने पित्त धरले. लघवीत दिसलेल्या त्याच रेघा तिथे ठळक उभ्या होत्या. प्राध्यापकांनी माझ्यातून खूप वेळ पाहिले. एवढे दिवस खाणे बंद, मग हे सॉसेजचे कसे?

"पूड बंद करा," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांचीच."

खाली अंगणात शवपेटी गाडीवर चढत होती. क्रेसेन्त्स गाडीवानाला सांगत होती, "डॉक्टरनं बजावलं होतं रे. मीच मारलं माझ्या लेकीला." खिडकी उघडी होती. राइंडल धावत उतरला, पण गाडी निघून गेली होती.

येत्या रविवारी तिच्या गावी जाऊन सांगतो, असे तो म्हणाला. मग त्या पुडीच्या विषारीपणावरचा त्याचा निबंध गाजला, दूरदूरचे डॉक्टर माझ्यातून डोकावायला आले, आणि रविवार तसेच गेले. पुढे माझ्याहून चांगली यंत्रे आली आणि मी या फळीवर आलो.

मित्रांनो, माझे भिंग पुसायचे राहिले तरी चालेल. पण कुणी न केलेला दोष उरावर घेऊन बसले असेल, आणि खरे काय ते तुम्हाला माहीत असेल, तर हातातले काम टाकून त्याच दिवशी जा. क्रेसेन्त्सकडे कुणीही गेले नाही.