साहेबांसमोरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, शिसवी लाकडाची आणि वेताच्या विणीची. हैदराबादेतल्या एका बँकेत कर्ज मागायला येणाऱ्यांसाठी मला मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर ठेवले होते. साहेब "बसा" म्हणाले की कर्ज मिळे. ज्याला उभे ठेवले, त्याला मिळत नसे. कागदपत्रे पाहणे नंतरचे.

मित्रांनो, हैदराबाद राज्याचे तुकडे झाले तेव्हाची ही गोष्ट. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात. त्या दिवसांत इथल्याच अंबरपेठ वस्तीतली पंचफुला आली. एका दवाखान्याच्या चादरी शिवायचे काम तिला मिळणार होते, पण त्यासाठी आणखी शिलाई मशिनी हव्या होत्या. एकनाथराव साहेब मराठीत बोलले, म्हणून ती खुलली.

"गाव कोणतं, बाई?"

"परभणीकडचं जी. म्या पाहिलं नाही, बाबा सांगायचे."

"घर कोणत्या अंगाला?"

"वेशीबाहेर," ती हौसेने म्हणाली.

साहेबांनी पेनाला टोपण लावले. "तुमचा जिल्हा गेला मुंबई राज्यात. उद्या मशिनी घेऊन निघून गेलात, तर बँकेनं काय करायचं?"

"कुठं जाऊ जी? माझा जलम अंबरपेठेतला. अन् तुमचं गाव बी तिकडंच असंल की!"

साहेबांनी घंटी वाजवून पुढच्याला बोलावले. कापडवाले हिम्मतराव आत आले.

"या, बसा बसा. तुम्ही परभणीचे ना? मग जाणार का तिकडं?"

"नक्को साहेब! तिकडं इराणी चहा कोण पाजतो?"

दोघे खूप हसले. जिल्हा तोच, भाषा तीच. फरक एवढाच, की हिम्मतराव माझ्यावर बसले होते.

त्या कर्जातून त्यांनी मशिनी घेतल्या. चादरींचे काम त्यांच्याकडे गेले आणि पंचफुला तिथेच रोजाने शिवू लागली.

पुढे माझा वेत सैल झाला. साहेबांनी हिम्मतरावांच्या दुकानातून गादी मागवली. ती घेऊन पंचफुलाच आली. खोळ तिनेच शिवली होती. तिने बंद बांधले, तळहाताने गादी दाबून पाहिली.

"मऊ झाली का?" साहेबांनी विचारले.

"बसणाऱ्याला ठाऊक जी," ती म्हणाली आणि उभ्या उभ्याच निघून गेली.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, वेतही नवा विणू नका. तुमच्यातले कोणी उद्या टेबलाच्या पलीकडे बसेल. समोर आलेल्या माणसाला आधी "बसा" म्हणा. गाव विचारायचेच असेल, तर त्यानंतर विचारा.