गालावरची चार बोटं

मेणकाकूंच्या ओट्यावर रोज सकाळी दोन शेगड्या पेटत. एकीवर घरचा चहा आणि दुसरीवर साऱ्या गल्लीचे ओठ. पातेल्यात पाणी, पाण्यात काचेचा वाडगा, वाडग्यात मधमाश्यांचं मेण आणि खोबरेल. मेण विरघळलं की काकू एक थेंब बशीत टाकत, थंड झाल्यावर बोटाने दाबून बघत आणि टणक वाटला तर आणखी चमचाभर तेल घालत. मग ते मलम बोटभर उंचीच्या डब्यांत ओतलं जाई. दिवसभर ओरडून ओठ कोरडे पडणाऱ्या मास्तरणीपासून वाऱ्यापावसात फिरणाऱ्या पोस्टमनपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाच्या खिशात तो डबा असे. काकूंचं खरं नाव काय, हे आता त्यांच्या नवऱ्यालाही आठवावं लागलं असतं.

पण फडताळात आणखी एक डबा होता, निळ्या झाकणाचा. त्यावर काकूंच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे : ‘उजळ. घरगुती, नैसर्गिक.’ त्यात लिंबाचा भरपूर रस, साय आणि डाळीचं पीठ. तीन वर्षांपूर्वी बायका मागायला लागल्या आणि काकूंनी तो करायला घेतला. तेव्हापासून ओठांचं मलम मागे पडलं आणि निळं झाकण पुढे आलं. याने कुणी गोरं झाल्याचं काकूंनी पाहिलं नव्हतं. उलट एकदा उन्हात बसून लिंबं पिळताना त्यांच्या स्वतःच्या मनगटावर फोड आला होता आणि त्याचा डाग चार महिने गेला नव्हता. म्हणून देताना त्या न चुकता बजावत, “रात्री लावायचं, सकाळी धुवायचं. हे लावून उन्हात जायचं नाही.” एवढं बजावलं की त्यांच्या मनाला बरं वाटे. असं बरं वाटून घेणारी माणसं आपल्यात पुष्कळ आहेत.

काकूंची एकुलती एक लेक पोहायला शिकवायची. उघड्या तलावावर रोज चार तास, समोर पंचवीस-तीस पोरं. जिथं बाकीचे शिक्षक हात टेकत, तिथं ती पाण्याला घाबरणाऱ्या मुलालाही आठवडाभरात तरंगायला लावी. खांदे भक्कम, हसणं मोकळं, आणि रंग सावळा. जन्माचा सावळा, त्यात उन्हाची भर. तिला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते इतरांना.

त्या सोमवारी सकाळी आत्या आली ती स्थळ घेऊनच. आत्या म्हणजे काकूंची थोरली नणंद. जिभेला हाड नाही आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना चप्पल काढायच्या आधी बोलायला सुरुवात.

“मुलगा बँकेत आहे, स्वतःचं घर आहे. येत्या रविवारी बघायला येतायत,” ती म्हणाली. “फक्त त्यांच्याकडे रुमाल फिरवतात, एवढं लक्षात ठेव.”

रुमाल फिरवण्याची ही रीत त्या नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत होती. मुलाची आई पर्समधून पांढरा रुमाल काढते, पाण्यात बुडवते आणि मुलीच्या गालावरून घासते. रुमालाला पावडर लागली की मुलगी लबाड, आणि नाही लागली पण गाल काळाच राहिला की मुलगी नापास. शिकलेली माणसं, इस्त्रीचे कपडे घालून, दुसऱ्याच्या लेकीचा गाल फरशी पुसावी तसा पुसतात आणि वर चहाही पितात.

“पावडर चालणार नाही म्हणजे तुझा उजळच लावायचा,” आत्याने ठरवून टाकलं. “गल्लीला गोरं करतेस आणि घरात हे असं?”

“वन्सं, रात्री लावू की,” काकू हळूच म्हणाल्या.

“रात्री लावून सकाळी धुतलं तर गुण काय येणार? सकाळी लाव आणि तसंच राहू दे. ओठांनासुद्धा. ओठ बघितलेस का तिचे?”

लेक दारात उभी राहून ऐकत होती. “आई, ओठांना मी तुझं मेणाचं लावते. मला तेवढं पुरतं.”

“तुला पुरतं गं, त्यांना पुरायला हवं ना,” आत्या म्हणाली. “मागच्या तिघांनी नाक मुरडलं, विसरलीस?”

खरं तर इथंच काकूंनी नणंदेला चहा पाजून वाटेला लावायला हवं होतं. पण ‘मागचे तिघे’ हे शब्द त्यांना बोचले. मुलगी सव्वीस वर्षांची. लोक विचारतात. त्यांना स्वतःच्याच लेकीच्या रंगाची लाज वाटत होती, आणि ती लाज त्या गेली तीन वर्षं निळ्या झाकणाखाली भरून गल्लीला विकत होत्या.

गुरुवारी लेकीची सुट्टी होती. आत्या सकाळीच हजर झाली. काकूंनी तिच्यासमोर लेकीला खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि लेप लावायला घेतला. “अजून रस घाल,” आत्या म्हणाली. काकूंनी आणखी एक लिंबू पिळलं. ओठांना लावताना लेकीने डोळे घट्ट मिटले.

“झोंबतंय, आई.”

“झोंबतंय म्हणजे लागू पडतंय,” आत्याच परस्पर म्हणाली.

शेवटी वाडग्यात तळाला उरलेला नुसता रस काकूंनी चार बोटांवर घेतला आणि उजव्या जबड्यापासून गालावर वर ओढला. तेवढ्यात तलावावरून फोन आला. दुसरा शिक्षक तापाने पडला होता आणि दोन्ही तुकड्यांची पोरं येऊन बसली होती. लेक ताडकन उठली. टॉवेलने घाईघाईने तोंड पुसलं, शिट्टी गळ्यात अडकवली.

काकू दारापर्यंत गेल्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. ‘धुऊन जा गं,’ एवढेच शब्द जिभेवर होते.

“आता धुऊ नको म्हणावं,” आत्या मागून म्हणाली. “सगळी मेहनत पाण्यात जाईल.”

गल्लीतल्या परक्या बायकांना काकूंनी शंभरदा सांगितलं होतं ते पोटच्या पोरीला एकदा सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. दोन तुकड्यांवर एकच शिक्षक, म्हणून लेक त्या दिवशी पाण्यात उतरलीच नाही. तीन तास ती तलावाच्या काठावर, डोक्यावर ऊन घेऊन उभी राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी गाल लाल झाला. शनिवारी सकाळी त्यावर फोड उठले आणि ओठ सुजून आले. तिला पाणीसुद्धा चमच्याने प्यावं लागत होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट पाहिलं आणि विचारलं, “लिंबू लावून उन्हात उभी होतीस का?”

लेकीने मान डोलावली.

“ही नुसती जळजळ नव्हे, हा भाजल्याचा प्रकार आहे. डाग जायला कित्येक महिने लागतील. कुणी सांगितलं हे लावायला?”

लेकीने आईकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, आणि काकूंना ते सहन होईना. “मी लावलं,” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताने.”

आत्याला वाटत होतं रविवार टळला तर स्थळ हातचं जाईल. “ऊन लागलं म्हणून सांगू,” ती म्हणाली. काकूंचा नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, “आले तर येऊ देत. आता नाही कसं म्हणायचं?” आयुष्यभर त्या माणसाने हा एकच प्रश्न विचारला होता.

पाहुणे आले. मुलगा मान खाली घालून बिस्किट खात होता. मुलाच्या आईने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि भुवया चढवल्या.

“हे काय?”

“ऊन लागलंय जरा. मूळचा रंग खुला आहे,” आत्या म्हणाली.

“तो आपण बघूच.” बाईंनी पर्स उघडली. पांढरा रुमाल पाण्याच्या पेल्यात बुडवला, पिळला आणि फोड आलेल्या गालावर टेकवला. लेक कळवळली. बाईंचा हात मागे आला नाही. त्यांना मूळचा रंग बघायचा होता.

काकूंनी ते मनगट धरलं.

“हात काढा.”

“अहो, ही रीत आहे आमची.”

“असेल. माझ्या पोरीचा गाल म्हणजे तुमची फरशी नाही.” काकूंची पकड सैल होत नव्हती. “तुमचा मुलगा मी कुठे घासून बघितला? रुमाल घ्या आणि निघा.”

“अगं, वेड लागलं का तुला?” आत्या उठून उभी राहिली.

“लागलं होतं वन्सं, गुरुवारी. तुम्हीही निघा.”

नवरा काहीतरी बोलायला गेला. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसं त्याने वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. खोली रिकामी झाली. लेक खुर्चीतच बसून होती. काकूंनी मेणाचा डबा उघडला, करंगळीच्या टोकावर मलम घेतलं आणि विचारलं, “लावू?”

“नको. मी लावीन,” लेक म्हणाली आणि डबा हातात घेतला. काकूंना ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

त्याच संध्याकाळी निळ्या झाकणाचे सगळे डबे मोरीत रिकामे झाले.

तीन आठवड्यांनी एक तरुण आई दारात आली, बरोबर आठेक वर्षांची सावळी पोर. “काकू, उजळचा डबा द्या. हिच्यासाठी. आत्तापासून लावलं तर पुढे सोपं जाईल.”

“बंद केलं मी ते,” काकू म्हणाल्या.

“घरगुतीच आहे की, काय होतंय?”

आतून लेक बाहेर आली. फोड गेले होते, पण उजव्या गालावर जबड्यापासून वर चार काळपट पट्टे उमटले होते. तिने आईचा हात घेतला आणि आपल्या गालावर ठेवला. चार बोटं चार पट्ट्यांवर तंतोतंत बसली. काकूंनी हात मागे ओढला नाही. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

त्या तरुण आईने ते पट्टे पाहिले, काकूंची बोटं पाहिली. मग तिने विचारलं, “मग लिंबू जरा कमी घातलेलं नाही का मिळणार?”

काकूंनी नकारार्थी मान हलवली. ती पोरीला ओढत पायऱ्या उतरली आणि पुढच्या घरी विचारायला गेली. पोर मागे वळून लेकीच्या गालाकडे बघत होती, आणि चालता चालता तिने आपला स्वतःचा गाल हाताने झाकून घेतला.

पुढच्या घरी तिला निळ्या झाकणाचा एक उरलेला डबा मिळाला. ते घर कुणाचं, हे वाचणाऱ्याने आपलं फडताळ उघडून बघावं.