ओळखीचा रकाना

शांतारामने टोपलीतून विड्याचं पान उचललं, ओल्या फडक्याने पुसलं, देठ डावीकडे करून आधीच्या पानावर ठेवलं.

“आनंदी,” शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली.

पुढचं पान.

“आनंदी.”

*

केसपेपर, ऑक्टोबर १९९१.
ताप: नाही. झटके: नाही. ओळख:

*

मेंदूज्वरातून उठला तेव्हा त्याच्या हातांना माकुणसारचा पानमळा आठवत होता. बायको आठवत नव्हती. तिला तो ‘बाई’ म्हणे. त्याआधी एकोणीस वर्षं ‘अगो’ म्हणत आला होता. नावाने हाक अशी कधी मारलीच नव्हती. म्हणून तिने स्वतःच्या नावापासूनच शिकवायला घेतलं. पानागणिक एकदा. पानं लावून संपेपर्यंत, रोज.

तो ऐकत होता की नाही, ते कळत नव्हतं. नाव त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही.

*

पहिल्या खेपेला पालघरच्या डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर चांदण्यांसारखं काहीतरी काढलं होतं.

“मेंदूतल्या या राखणदार पेशी. ग्लिया म्हणतात. ताप आला तशा लढायला उठल्या. आता ताप गेला, तरी खाली बसत नाहीत. आपल्याच घरात नासधूस चाललीय त्यांची.”

“मंग त्यांना कोन सांगनार, दुखनं गेलं म्हनून?”

“ते अजून कुणाला जमलेलं नाही. सहा महिने बघू. तोवर ओळख परतली तर परतली.”

*

ताप: नाही. झटके: नाही. सहा महिने आज झाले.

“शांतारामभाऊ, या कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

“अवो, सांगा ना. घरी रोज सांगतात, डॉक्टर,” ती खोटं बोलली. “आज जरा दमलं हायेत.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. टेबलावरचा एक कोरा कागद शांतारामने उचलला, तळव्याने पुसला, डावीकडे ठेवला.

“आनंदी.”

“बघा,” डॉक्टर हसले. “नाव घेतलं की.”

पेन ‘ओळख’च्या रकान्यावर टेकलं. तिने पदर तोंडाशी नेला.

शांतारामने दुसरा कागद उचलला. पुसला. पहिल्यावर ठेवला.

“आनंदी.”

तिसरा.

“आनंदी.”

पेन थांबलं. डॉक्टर तिच्याकडे पाहू लागले. शांताराम मान खाली घालून चौथ्या कागदाच्या कडा जुळवत होता.

“आनंदी.”

“ओ,” ती म्हणाली.