डाव्या हाताची खुर्ची

त्या घरात जेवणाच्या टेबलाला रीत होती. बायकोनं नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायचं. भाजी वाढायची, पाणी पुढं करायचं, आपलं ताट गार होऊ द्यायचं. सासूबाई लग्न झाल्यापासून सासऱ्यांच्या डावीकडे बसत आल्या. आणि सासऱ्यांचा नेमका डावा कान अधू. म्हणजे बाईचं म्हणणं त्या घरात किती ऐकलं गेलं असेल, तुम्हीच समजा.

मुलगा आणि सून एकाच कंपनीत वैमानिक. त्या कंपनीत बाई कधी कॅप्टन झाली नव्हती, ही झाली. नवरा मागं राहिला. तोंडानं त्यानं अभिनंदन केलं, पण त्या दिवसापासून तिच्या हातचा चहा त्याला कडू लागायला लागला.

रविवारी पेपरात दोघांचा विमान चालवतानाचा फोटो आला. सासूबाई इस्त्री बंद करून पेपर घेऊन थेट शेजारच्या शिवणवालीकडे.

"बघ, आभाळात गेली तरी बसलीय नवऱ्याच्या डाव्या हाताला! वळण म्हणतात ते हे."

शिवणवालीनं दातांनी दोरा तोडला आणि हसली. "अहो काकू, माझा भाऊ विमानात सामान चढवतो. डावी खुर्ची कॅप्टनची असते. उजवीकडचा तिच्या हाताखालचा."

सासूबाई घरी आल्या त्या लालबुंद. वळण म्हणून मिरवलं, ते मुलाचं नाक कापणारं निघालं! पण खरं दुखणं वेगळंच होतं. आपण जन्मभर डावीकडे, हीपण डावीकडेच. आपल्या हातात भाजीचं पातेलं आणि हिच्या हातात अख्खं विमान! हेवा म्हणतात तो हाच.

"हिला म्हणावं, खुर्ची सोड," त्या मुलाला म्हणाल्या. "आधी तू कॅप्टन हो, मग हिचं बघू."

सून गणवेशाला बटण लावत होती. दुपारी उड्डाण होतं. "आई, ती परीक्षा देऊन मिळालीय. भाजीसारखी कुणापुढं सरकवता येत नाही."

"विमानतळावर मला काय म्हणतात ठाऊक आहे?" नवरा उसळला. "मॅडमचे मिस्टर!"

"मला इतकी वर्षं साहेबांची मिसेस म्हणत होते. मी कुठं जळले?"

उत्तर नसलं की माणूस खोटं शोधतो. त्यानं कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आईच्या हातात दिला. "सांग, हिला चक्कर येते. तू पाहिलंयस."

चक्कर येणाऱ्याला विमान चालवू देत नाहीत, एवढं सासूबाईंना कळत होतं. सुनेनं सुई खाली ठेवली. तरी सासूबाई म्हणाल्या, "हो, येते. स्वयंपाकघरात पडली होती."

सुनेनं फोन काढून घेतला. "डॉक्टर, मीच बोलतेय. आत्ता येते. डोक्यापासून पायापर्यंत तपासा." मग नवऱ्याकडं वळली. "चक्कर मला येत नाही. मी वर गेले की तुला येते."

दुपारचं विमान तिच्याविना गेलं. तपासणीत काही निघालं नाही. संध्याकाळी ती परतली तेव्हा ताटं मांडलेली होती. तिचं, नवऱ्याच्या डावीकडे. जसं काही घडलंच नव्हतं.

तिनं ताट उचललं, टेबलाला वळसा घातला आणि नवऱ्याच्या समोर बसली.

"उद्या सकाळी माझं उड्डाण आहे. यापुढं डावीकडे मी बसेन ती फक्त विमानात. भाजी तुझ्या हाताशी आहे, घे."

"अहो, तुम्ही तरी काही बोला!" सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांना ऐकू गेलं नाही. सवयीनं त्यांनी रिकामी वाटी डावीकडं सरकवली. सासूबाईंनी डाव उचलला, पण तो हातातच राहिला. समोर सून गरम गरम जेवत होती.

बायांनो, आज जेवायला बसाल तेव्हा कोण कुठं बसलंय ते बघा. आणि तुमची सून गरम जेवत असली, तर पोटात दुखलं तरी चालेल, खोटं सांगायला फोन तेवढा हातात घेऊ नका.