गुहेच्या तोंडावरचा फळा

मी एक जुना फळा आहे. खडूचा नव्हे. मला लाकूड नाही, खिळा नाही आणि भिंतही नाही. मित्रांनो, ‘गुहा’ नावाच्या एका ऑनलाइन खेळात, अगदी तोंडाशीच मी टांगलेला आहे. कोणाचे किती गुण आणि कोण कितवा, हे दाखवणं माझं काम. माझ्यावर धूळ बसत नाही, म्हणून माझं वय कोणाच्या लक्षात येत नाही. पण मी पुष्कळ पाहिलं आहे आणि आज ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

खेळ तसा साधा. कंदील घेऊन खाली उतरायचं, आतली तळी आणि झरे शोधायचे आणि वर यायचं. नवखा खेळाडू हमखास वाट चुकायचा. मग कोणीतरी जाणतं माणूस त्याला हाक मारत मारत बाहेर आणायचं. आत वटवाघळं असत आणि ती उजेडाने बिथरत. म्हणून सोबतच्या खेळाडूला जवळ येऊन नवख्याचा कंदील फुंकून विझवता येई. काळजीपोटी केलेली सोय होती ती.

नवख्यांना बाहेर काढण्यात सर्वांत पुढे होती ती आत्या. खेळ ज्या मुलीने लिहिला, तिचीच ही सख्खी आत्या. खेळाडू त्या मुलीला ताई म्हणत. आत्याने उभा जन्म टेलिफोन ऑपरेटरचं काम केलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती खिडकीपाशी खुर्चीत बसून असे, मांडीवर टॅबलेट घेऊन. तिचा आवाज मात्र अजून तसाच होता, शांत आणि भरवशाचा. घाबरलेलं पोर तो आवाज ऐकून निम्मं सावरत असे.

एवढं करूनही आत्याचं नाव कुठेच दिसत नाही, याची ताईला चुटपुट लागली. तिने मला घडवलं. ज्याला बाहेर काढलं, त्याने ‘वाचवलं’ या बटणावर बोट ठेवायचं, की वाचवणाऱ्याला गुण मिळायचे. मी पहिल्यांदा उजळलो तेव्हा सर्वांत वर आत्या होती. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीलाही तिने मला दाखवलं. “बघ, पहिली आहे मी!” मित्रांनो, त्या दिवशी मला फार धन्य वाटलं.

काही दिवस सगळं छान चाललं. पूर्वी कधी मागे वळून न पाहणारेही नवख्यांच्या मदतीला धावू लागले. ताईची तर कळी खुलली. मग ‘गरुड’ असं टोपणनाव घेतलेला एक खेळाडू झपाट्याने वर चढू लागला. तो आत्याच्या मागे आला, तिच्या बरोबरीला आला आणि एका सकाळी तिच्या वर जाऊन बसला. आकडा खरा होता. तरी मला त्याची भीती वाटली, कारण एवढे नवखे वाट चुकतच नव्हते.

हळूहळू नवी माणसं एकदा यायची आणि पुन्हा फिरकायची नाहीत. जाताना कोणी लिहून जायचं, ‘आत कोणीतरी कंदील विझवतं.’ वटवाघळं नसलेल्या वाटांवरही कंदील विझत होते. माझ्यावरचे आकडे मात्र वाढतच होते. तेवढ्यात आत्या पुन्हा पहिली आली आणि ताईने तिला फोन करून शाबासकी दिली.

तक्रारी थांबेनात, तेव्हा ताई स्वतःच नवखी बनून, परकं नाव घेऊन खाली उतरली. पहिल्या वळणावर तिच्यामागून कोणी आलं. कंदिलाच्या उजेडात तिला त्या खेळाडूच्या डोक्यावर तरंगणारं नाव स्पष्ट दिसलं. मग फुंकर आली आणि अंधार झाला. थोड्या वेळाने ओळखीचा आवाज आला, “घाबरू नकोस हं. मी आले आहे ना. माझ्या आवाजाच्या रोखाने ये.”

ताई त्या आवाजामागे चालत राहिली. बाहेर आल्यावर तोच आवाज म्हणाला, “आता ते ‘वाचवलं’ दाबायला विसरू नकोस, बाळ.”

ताईने बटण दाबलं. माझ्यावर आत्याचे गुण वाढले.

दुपारी ताई आत्याच्या घरी आली. मी आत्याच्या मांडीवर उघडाच होतो, म्हणून सगळं ऐकलं.

“आत्या, सकाळची ती नवीन मुलगी मीच होते.”

आत्याने चष्मा काढून पुसला. “मग? सुखरूप आणलं ना बाहेर?”

“कंदील कोणी विझवला गं?”

“सगळेच विझवतात. मी एकटीने हात बांधून बसायचं का? खाली घसरले की मला कोण विचारतंय इथे? फळा तूच लावलास ना?”

“तुझं कौतुक व्हावं म्हणून लावला होता.”

“मग होऊ दे की,” आत्या म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

त्या संध्याकाळी ताईने मला झाकून टाकलं. वाटलं, सुटलो! पण मित्रांनो, मी नव्हतो तेव्हा जी माणसं आपणहून धावत होती, तीही आता जागची हलेनात. आत खरोखर चुकलेला एक खेळाडू हाका मारून मारून थकला आणि खेळ बंद करून निघून गेला. आत्याने टॅबलेट कपाटात टाकला आणि व्यायामही सोडला. खेळ ओस पडू लागला, तेव्हा ताईने नाइलाजाने मला पुन्हा उघडलं. सोबत नियम केला, की जो कंदील विझवेल त्याला त्या नवख्याचे गुण मिळणार नाहीत.

नियम लागला त्याच दिवशी आत्याने कपाटातून टॅबलेट काढला आणि गरुडाने तिला खेळात गाठलं. “काकू, जोडीने खेळू या का? एकाने विझवायचा, दुसऱ्याने बाहेर काढायचं. नंतर उलट. कोणाचंच नुकसान नाही.”

आत्याने माझ्यावर आपलं नाव शोधलं. तिने नाही म्हणावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी ती म्हणाली, “आधी बाहेर काढायची पाळी माझी.”

मित्रांनो, मला फक्त मोजता येतं. माया मोजता येत नाही आणि कपटही मोजता येत नाही. म्हणून हात जोडून सांगतो, कोणाला मदत केलीत तर माझ्याकडे न बघता सरळ घरी जा. आत्ता माझ्यासमोरून एक नवखा खाली उतरतो आहे. गरुड त्याच्यामागे निघाला आहे आणि आत्या वळणावर थांबली आहे. तुमच्यापैकी कोणी जवळ असेल तर त्याला हाक मारा हो, मला आवाज नाही.