तीन न्यायमूर्ती आणि एक बातमी

रावसाहेब थोरातांनी कुणाची स्तुती केली, तर दैनिक 'मुठाकाठ'च्या कचेरीत लोक आधी त्यांच्याच तब्येतीची चौकशी करत. वृत्तसंपादकाच्या खुर्चीत केस पिकले, पण "बरं आहे" याच्या पुढे त्यांची मजल कधी गेली नाही. "बरं आहे" म्हणजे उत्तम. "चालेल" म्हणजे बरं. आणि काही न बोलता बातमी परत दिली, तर शहाण्याने त्या दिवशी पुन्हा त्यांच्या नजरेस पडू नये.

तरी एका व्यक्तीबद्दल ते आडूनआडून चांगलं बोलत. आम्रपाली मेश्राम. सर्वोच्च न्यायालयाच्या बातम्या तिच्याकडे होत्या. दिल्लीत माणूस ठेवायची 'मुठाकाठ'ची ऐपत नव्हती, म्हणून मंडईच्या मागच्या इमारतीत, कांद्याबटाट्याचा वास घेत, आम्रपाली दिल्लीचं न्यायालय वाचायची. वाचायची, हाच शब्द बरोबर. बाकीचे नुसते ऐकायचे. सुनावणीत एखाद्या न्यायमूर्तींनी सरकारी वकिलाला दोन शब्द सुनावले, की दुसऱ्या दिवशी गावभर 'सरकारला दणका' नाहीतर 'सरकारला चपराक'. आम्रपालीच्या बातमीत मात्र असायचं, की न्यायालयाने नोटीस काढली आहे, म्हणजे सरकारला आपलं म्हणणं मांडायला सांगितलं आहे. धोरण अजून जसंच्या तसं लागू आहे.

"मेश्राम, तुमच्या बातमीत दणका का नसतो हो?" रावसाहेबांनी एकदा विचारलं.

"न्यायालयाने दिला की देते, सर."

हे उत्तर रावसाहेबांना इतकं आवडलं, की त्यांनी ते घरी बायकोला आठवडाभर ऐकवलं. आम्रपालीला मात्र फक्त "बरं" म्हणाले.

मग कनिष्ठ अभियंत्यांचा खटला आला. भरतीची परीक्षा झाली होती, निकाल लागला होता, निवड यादीही लागली होती. नेमणुकीची पत्रं निघणार, तोच सरकारने धोरण बदललं. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या अभियंत्यांना आधी कायम करायचं, आणि जागा उरल्याच तर यादीतल्यांना घ्यायचं. उरणार काय, कपाळ? यादीतले उमेदवार उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पोरं आपला अभ्यास सोडून राज्यघटनेची कलमं घोकायला लागली. जी कलमं परीक्षेसाठी कधी पाठ झाली नव्हती, ती आता चहाच्या टपरीवर तोंडावर फेकली जात होती.

एवढी मोठी केस, घरच्या अंगणात आलेली, आणि आम्रपाली रावसाहेबांच्या टेबलासमोर येऊन म्हणाली, "सर, ही केस मी करणार नाही."

"का? दाढ दुखतेय?"

"माझा भाऊ त्या यादीत आहे."

अभय. रावसाहेब त्याला ओळखत होते. वडील रामदास मेश्राम भंडाऱ्याकडून देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यात आले आणि दोन्ही मुलांना शिकवूनच निवृत्त झाले. अभयने कितीतरी परीक्षांत आपटी खाऊन अखेर ही परीक्षा काढली होती. आता वय मर्यादेच्या पलीकडे गेलं होतं. यादी टिकली तर नोकरी, नाही टिकली तर सरकारी नोकरीचं दार कायमचं बंद.

"खटला त्याने घातलाय का?"

"नाही. नुसता यादीत आहे."

"मग झालं तर. तुम्ही काय खोटं लिहिणार आहात थोडंच?"

"खोटं नाही लिहिणार, सर. पण आमच्या घरात हार झाली, तर दुसऱ्या कुणाच्या घरात दिवाळी असेल. ज्याने उमेदीची सगळी वर्षं कंत्राटावर काढली, त्याच्या घरात. ती दिवाळी माझ्या हातून नीट लिहिली जाणार नाही."

रावसाहेब चष्मा पुसत बसले. मेहुण्याच्या दुकानाचं उद्घाटन पहिल्या पानावर यावं म्हणून गळ घालणारे बातमीदार त्यांनी पाहिले होते. न्यायमूर्ती स्वतःच्या नात्यातल्या खटल्यातून बाजूला होतात, हे त्यांना माहीत होतं. बातमीदार बाजूला झालेला ते पहिल्यांदाच पाहत होते. मनातून ते हलले. पण तसं म्हणतील तर ते रावसाहेब कसले?

"म्हणजे गाढवाचं ओझं आता म्हाताऱ्या घोड्यावर," ते म्हणाले. "ठीक आहे. मीच करतो."

आम्रपालीने त्याच दिवशी आपली खुर्ची फिरवून घेतली. आता रावसाहेबांच्या पडद्याकडे तिची पाठ असायची. त्या खटल्याचा विषय निघाला की ती पाणी प्यायला उठायची. रावसाहेबांनी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर कपाटातलं पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवायची आणि गप्प बसायची. सुनावणी लांबत गेली, हिवाळा सरून आंबे आले, पण तिने एकदाही विचारलं नाही, की काय होईल असं वाटतं. घरी ती भावासमोर जेवायला बसत होती, हे रावसाहेब विसरू शकत नव्हते. कधीकधी त्यांना तिचा रागही यायचा. माणसाने इतकं सरळ असू नये, शेजारच्याला आपली मान वाकडी असल्याचं जाणवतं.

निकालाच्या दिवशी सकाळी तिने स्वतःचा मोबाईल बंद करून खणात टाकला. कारण विचारलं नव्हतं तरी सांगितलं, "अभयचा फोन आला तर मला काहीतरी बोलावं लागेल."

वेबसाइट सांभाळणारी निकिता रावसाहेबांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिची बोटं मोबाईलवर तयारच होती. "सर, तुम्ही फक्त येस म्हणा, मी फ्लॅश टाकते. आज सगळा महाराष्ट्र ऑनलाइन आहे."

न्यायालयाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं ते अडखळतच. चित्र आधी आलं, आवाज मागून. आवाज आला तेव्हा मधले, म्हणजे सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती वाचायला लागलेले होते. रावसाहेब पुढे वाकले. इंग्रजी कायद्याचं असलं तरी अर्थ स्वच्छ होता. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत. निवड झालेल्या उमेदवारांवर अन्याय झाला आहे. सरकारचं धोरण घटनेच्या कसोटीवर टिकत नाही. अपील फेटाळण्यात येत आहे.

"जिंकले!" निकिता ओरडली. तिने धावत जाऊन पाठमोऱ्या आम्रपालीच्या गळ्यात हात टाकले. "ताई, अभयदादा जिंकला! पार्टी हवीय मला!"

आम्रपाली वळली नाही. पण तिचा हात टेबलाच्या कडेवर गेला आणि तिने ती कड घट्ट धरली. रावसाहेबांना तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. त्या अर्ध्या चेहऱ्यावर त्यांनी इतका आनंद पाहिला, की त्यांनाच भरून आलं. एवढ्या महिन्यांचं तोंड बांधून राहणं संपलं म्हणायचं, एकदाचं.

समोरच्या टीव्हीवर सगळ्या वाहिन्यांनी लाल पट्ट्या सोडल्या होत्या. 'सरकारचं धोरण रद्द.' 'उमेदवारांचा ऐतिहासिक विजय.' एका वाहिनीचा माणूस सदाशिव पेठेत एका अभ्यासिकेबाहेर उभा होता आणि त्याच्या मागे पोरं गुलाल उधळत होती.

"सर, सगळ्यांनी टाकलं! आपणच लास्ट आहोत. टाकू ना?"

रावसाहेबांनी मथळा सांगितला. बातमीवर त्यांचं नाव जाणार होतं. निकिताने तो टाईप केला. आता फक्त बटण दाबायचं राहिलं होतं.

"सर," आम्रपाली म्हणाली. अजूनही पाठमोरीच. "बसलेत किती?"

"काय?"

"न्यायमूर्ती. किती बसलेत?"

"तीन."

"आणि बोलले किती?"

रावसाहेब पडद्याकडे वळले. मधल्या न्यायमूर्तींनी कागद बाजूला ठेवले होते. कोर्टातून कुणीही उठलं नव्हतं. उजवीकडच्या न्यायमूर्ती चष्मा लावत होत्या.

"निकिता, हात वर," रावसाहेब म्हणाले. "बटणावरून हात वर घे."

"पण सर, सिनियर जज बोललेत ना? मग झालं की."

"ज्येष्ठ असले तरी मत एकच असतं," रावसाहेब म्हणाले. हे वाक्य आपण कुठे वाचलं ते त्यांना तेव्हाच आठवलं. आम्रपालीच्याच एका जुन्या लेखात.

उजवीकडच्या न्यायमूर्तींनी वाचायला सुरुवात केली. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मताबद्दल पूर्ण आदर राखून, पण त्याच्याशी सहमत होता येत नाही. निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही. इतकी वर्षं ज्यांच्याकडून काम करून घेतलं, त्यांना न्याय देण्याचं धोरण मनमानी म्हणता येणार नाही. निकिताने मोबाईल टेबलावर ठेवून दिला.

एक विरुद्ध एक. आता सगळं डावीकडच्या न्यायमूर्तींवर. ते पोक्त, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही बाजूंच्या वकिलांचे आभार मानले. मग कुठल्याशा जुन्या निकालाचा लांबलचक दाखला दिला. रावसाहेबांनी जन्मात कधी देवाला नवस बोलला नव्हता, पण त्या वेळी ते मनात काहीतरी पुटपुटले. बातमीदाराने असं करू नये. आम्रपाली या खटल्यातून का बाजूला झाली, ते त्यांना आत्ता कुठे खरं उमगलं. आपण कुणाच्या बाजूने पुटपुटतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्या बाजूला फक्त पाठमोरी बसलेली एक बाई होती.

डावीकडचे न्यायमूर्ती शेवटी म्हणाले, की ते आपल्या भगिनी न्यायमूर्तींशी सहमत आहेत.

दोन विरुद्ध एक. सरकारचं अपील मान्य. धोरण कायम. यादी गेली.

टीव्हीवरच्या लाल पट्ट्या एकेक करून नाहीशा झाल्या. चुकलो असं कुणी म्हणालं नाही, नुसतं पुसून टाकलं. सदाशिव पेठेतल्या त्या पोरांच्या कपाळावरचा गुलाल मात्र तसाच होता. वाहिनीच्या माणसाने आता त्यांच्या तोंडासमोर माईकचा दांडा धरून विचारलं, की कसं वाटतंय. रावसाहेबांनी एक अस्सल शिवी हासडली आणि टीव्ही बंद केला.

मग ते बातमी लिहायला बसले. 'उमेदवारांची स्वप्नं धुळीला' असा मथळा त्यांच्या बोटांनी आपसूक लिहिला. त्यांनी तो वाचला आणि खोडला. आज कुणाच्या तरी घरात दिवाळी होती. 'कंत्राटी अभियंत्यांना आधी कायम करण्याचं धोरण वैध. सर्वोच्च न्यायालयाचा दोन विरुद्ध एक असा निकाल,' असं त्यांनी लिहिलं. मथळा कोरडा ठणठणीत होता, पण त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. निकिताने तो मुकाट्याने टाकला.

"मेश्राम, तुम्ही मधे पडणार नव्हता," रावसाहेब म्हणाले. आवाज त्यांना हवा तसा करडा झाला नाही.

"पडले नाही, सर. फक्त मोजायला सांगितलं."

"मोजलं नसतं, तर तुमच्या घरात अर्धा तास तरी आनंद झाला असता."

आता ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज जागेवर होता. "आणि मग? तो परत घ्यायला कोण जाणार होतं? मीच ना?" एवढं बोलून ती तोंड धुवायला गेली.

तेवढ्यात रावसाहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला.

"सर, मी अभय मेश्राम बोलतोय. ताईचा मोबाईल बंद आहे. तिला सांगाल का, मी ठीक आहे म्हणून? आणि जेवून घे म्हणावं. असं काही झालं की ती जेवत नाही."

"सांगतो," रावसाहेब म्हणाले. आणखी काहीतरी बोलायला हवं होतं. "वाईट झालं रे, अभय. मधे ते टीव्हीवाल्यांनी जे काही केलं..."

"आम्हाला नाही त्रास झाला त्याचा. आमच्या अभ्यासिकेत कुणीच उठलं नव्हतं. समोरच्या अभ्यासिकेतले गुलाल खेळत होते, हाका मारत होते. आम्ही सगळे 'मुठाकाठ'ची साइट उघडून बसलो होतो. तुमची बातमी येईना, तेव्हाच कळलं, की अजून काहीतरी बाकी आहे. मी सगळ्यांना बसवून ठेवलं. ताईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ही केस मी सोडली आहे, मला काही विचारू नकोस. सर स्वतः लिहितायत. दुसरं कुणी काहीही म्हणू दे, सरांचं आलं की खरं समज. ते घाई करत नाहीत."

रावसाहेबांना खुर्चीत बसवेना. ते फोन कानाला लावून उभे राहिले. खोटं बोलायची ही सोन्यासारखी संधी होती, आणि ती साधली असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण समोर ती फिरवून ठेवलेली रिकामी खुर्ची होती.

"अभय, ऐक," ते म्हणाले. "मी घाई केली होती. मथळा लिहून तयार होता, बटण दाबायचं बाकी होतं. तुमचा विजय झाला असाच मथळा होता. थांबवलं ते तुझ्या ताईने."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"तिने?" अभय म्हणाला. "आम्ही जिंकलोय, असं तुम्ही लिहीत असताना?"

"हो."

"मग बातमीवर तिचं नाव टाका ना, सर."

"ती टाकू देणार नाही."

"माहीत आहे," अभय म्हणाला, आणि निकाल लागल्यापासून शांत राहिलेल्या त्या पोराला तेव्हा कुठे रडू फुटलं.