भिंतीपाशी भरलेली सभा

रस्ते आखण्यात भाऊंची हयात गेली. शहराबाहेरची ही नवी वसाहत त्यांनीच कागदावर मांडली आणि तिची प्रत्येक गल्ली मुद्दाम एका टोकाला बंद ठेवली. गाड्यांची वर्दळ नको, पोरं बिनघोर खेळावीत, एवढाच हेतू. निवृत्तीनंतर तिथंच घर घेतलं आणि एकट्या पडलेल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पाठीमागचं घर घ्यायला लावलं. "भिंतीला भिंत, अक्का! हाक मारलीस की आलोच."

हाक झकास ऐकू यायची. येणं मात्र जमेना. मधली भिंत पुरुषभर उंच, आणि रस्त्यानं जायचं तर हमरस्ता, पूल आणि अख्ख्या वसाहतीला वळसा. अक्का गरम भाजी घेऊन निघायची ती थंडगार पोचायची. शेवटी ती वैतागली.

"भिंतीशी गप्पा मारायला आले का मी इथं? घर विकते आणि जाते मुलीकडे."

भाऊंना ते लागलं. आपणच घातलेला घोळ! त्यांनी भिंतीत फाटक पाडायची परवानगी मागितली. दोन्ही गल्ल्यांची संमती आणा, असं त्यांच्याच जुन्या कचेरीतून उत्तर आलं.

भाऊंच्या परसात सभा भरली. अलीकडचे झाडून सगळे आले, पलीकडचं एक माणूस दिसेना.

"त्यांनाच नकोय बघा फाटक," शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणाले. "मलाही नको. उगाच परक्यांची ये-जा."

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात पलीकडून अक्का ओरडली, "अरे, पुलावर गाड्या तुंबल्यात! आमच्या गल्लीतले सगळे कंटाळून माझ्याकडे परत आलेत. इथूनच हात वर केले तर चालतील का?"

पलीकडे खुर्च्या सरकल्या आणि भिंतीवर हातच हात उगवले. एक सुजलेला गालही वर आला.

"डॉक्टर, तुमच्याकडेच निघालो होतो हो! कधीचा फिरतोय, दाढ ठणकतेय!"

डॉक्टरांनी खाली बघत हळूच हात वर केला. मग काय, हशा पिकला आणि सगळं परस हात वर करून उभं राहिलं.

भिंतीवरून एक डबा पुढं आला. भाऊंनी स्टुलावर चढून तो घेतला, झाकण उघडलं. भाजीतून वाफा निघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"अक्का, मुलीकडे जायचं काय ठरलं मग?"

"आधी फाटक आखून दे," अक्का म्हणाली. "आणि या वेळी नीट आख."